पॉवर बीआयचा रिपोर्ट वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुला करायचा आहे (विहिरींची पाणीपातळी)

पाणीनोंद

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेकडे ४२ गावांतल्या ३१८ विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आहेत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा वर्षाला चार फेऱ्या, सहा वर्षांच्या मिळून साडेसात हजारांच्या वर ओळी, सगळ्या एकाच एक्सेल फाइलमध्ये. पॉवर बीआय डेस्कटॉपवर (मायक्रोसॉफ्टचे आलेख-नकाशांचे रिपोर्ट बनवायचे सॉफ्टवेअर) रिपोर्ट तयार आहे. तालुका आणि गाव निवडले की आलेख आणि नकाशा बदलतो.

हा रिपोर्ट संस्थेच्या वर्डप्रेस साइटवर असा लावायचा आहे की गावातल्या कोणालाही लॉगिन न करता मोबाइलवर बघता येईल.

१) 'पब्लिश टू वेब' (रिपोर्ट इंटरनेटवर सगळ्यांना खुला करायची सोय) हाच मार्ग का? त्याला पैसे पडतात का?
२) एक्सेलमध्ये शेतकऱ्याचे नाव, मोबाइल नंबर आणि गट क्रमांक आहेत. रिपोर्टमध्ये ते कुठेच दाखवलेले नाहीत, तिन्ही कॉलम हाइड केले आहेत. एवढे पुरे ना?
३) नवीन फेरीची माहिती भरली की साइटवर आपोआप दिसेल का?

कडीकोयंडा

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, कारण तिथे चूक झाली तर बाकीचे बरोबर असून उपयोग नाही. नाही, पुरे नाही. हाइड केलेला कॉलम फक्त रिपोर्ट बनवणाऱ्याच्या यादीतून नाहीसा होतो, मॉडेलमध्ये (रिपोर्टमागे साठवलेल्या तक्त्यांत) तो जिथल्या तिथे असतो.

पब्लिश टू वेब केलेला रिपोर्ट म्हणजे आलेखाचा फोटो नव्हे. वाचक गाव निवडतो तेव्हा त्याचा ब्राउझर मॉडेलला प्रश्न विचारतो आणि उत्तर घेऊन येतो. एफ१२ दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये पाहा, हे प्रश्न उघड दिसतात. मॉडेलमध्ये कोणते तक्ते आणि कोणते कॉलम आहेत, ती यादीही तिथेच येते, हाइड केलेल्यांसकट. थोडी जाण असलेला माणूस तोच प्रश्न बदलून 'मोबाइल' कॉलम मागवू शकतो. पानावर लावलेला फिल्टर, लपवलेले पान, फक्त सरासरी दाखवणारा आलेख, यांतले काहीच आड येत नाही.

रो-लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवायची सोय) लावू म्हणाल तर तसा रिपोर्ट पब्लिश टू वेब होतच नाही.

म्हणून खुल्या रिपोर्टसाठी एक्सेलची फाइलच वेगळी करा. तिच्यात विहिरीचा स्वतःचा क्रमांक, गाव, तालुका, तारीख, खोली आणि शेरा एवढेच कॉलम (नकाशाच्या अक्षांश-रेखांशाचे खाली सांगतो). नावे आणि नंबर मूळ फाइलमध्ये राहू द्या, क्रमांकावरून तुम्हाला जोडता येतील. वेगळी फाइल नकोच असेल तर निदान पॉवर क्वेरीत (माहिती आत घेताना ती साफ करायची पॉवर बीआयमधली जागा) 'रिमूव्ह कॉलम्स' करा, म्हणजे ते मॉडेलमध्ये चढणारच नाहीत. पण दोन वर्षांनी कोणीतरी ती पायरी खोडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून वेगळी फाइल बरी.

गट क्रमांकाला निरुपद्रवी समजू नका. गाव आणि गट क्रमांक हाताशी असला की महाभूलेखवर सातबारा उघडतो आणि मालकाचे नाव समोर येते. नाव काढून गट क्रमांक ठेवला तर काढून काय मिळवले?

नकाशाचेही तेच. अक्षांश-रेखांश पाच-सहा दशांश स्थळांपर्यंत असतील तर बिंदू थेट विहिरीवर पडतो. दोन दशांश स्थळांवर आणा, साधारण एक किलोमीटरची मोकळीक मिळते. हे गोल करणेही फाइलमध्येच करा, रिपोर्टमधल्या फॉरमॅटिंगने नाही. ज्या गावात एक-दोनच विहिरी आहेत तिथे गावाचा मध्यबिंदू वापरा.

तक्तेबाज

कडीकोयंडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता पायऱ्या.

खाते संस्थेच्या ईमेलवर हवे, जीमेलवर पॉवर बीआयचे खाते निघत नाही. 'माय वर्कस्पेस'मधून (एकाच खात्याची स्वतःची जागा) पब्लिश टू वेब मोफत लायसन्सवर चालते, सामायिक वर्कस्पेसमधून करायचे तर प्रो (विकतचे लायसन्स) लागते. एकट्या माणसाच्या माय वर्कस्पेसमध्ये संस्थेचा रिपोर्ट ठेवला तर तो माणूस गेला आणि खाते बंद झाले की रिपोर्टही गेला. एक प्रो लायसन्स परवडत असेल तर घ्या.

डेस्कटॉपमधून पब्लिश करा. मग ब्राउझरमध्ये रिपोर्ट उघडून फाइल, एम्बेड रिपोर्ट, पब्लिश टू वेब. 'क्रिएट एम्बेड कोड' दाबल्यावर ताकीद येते, ती वाचा. त्यानंतर दोन गोष्टी मिळतात: एक लिंक आणि आयफ्रेमचा (आपल्या पानात दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीचा) कोड.

बहुतेक जण अडकतात ते इथेच, 'अॅडमिनशी संपर्क साधा' असा संदेश येतो. मूळ सेटिंगमध्ये फक्त आधीचेच कोड चालू राहतात, नवीन बनवता येत नाहीत. अॅडमिन पोर्टलमध्ये टेनंट सेटिंग्ज (पूर्ण संस्थेला लागू होणारी सेटिंग्ज), त्यात 'एक्सपोर्ट अँड शेअरिंग', त्यात 'पब्लिश टू वेब'. तिथे सगळ्या संस्थेला परवानगी न देता एका गटाला द्या, त्या गटात दोनच माणसे ठेवा. छोट्या संस्थांत अॅडमिन म्हणजे ज्याने कधीकाळी ऑफिसचे ईमेल चालू करून दिले तो. आधी त्याला शोधा.

एका रिपोर्टला एकच कोड मिळतो. वरच्या गिअरमध्ये 'मॅनेज एम्बेड कोड्स' आहे, तिथून डिलीट केला की सगळीकडचा रिपोर्ट बंद. पुन्हा बनवला तर लिंक नवी येते. रिपोर्टमध्ये दुरुस्ती करायची तर फाइलचे नाव न बदलता त्याच वर्कस्पेसमध्ये पुन्हा पब्लिश करा, जुन्यावर चढतो आणि लिंक तीच राहते. नावामागे 'अंतिम २' लावलेत की नवा रिपोर्ट तयार होतो आणि साइटवर जुनाच दिसत राहतो.

तिसरा प्रश्न. एक्सेल तुमच्या कॉम्प्युटरवर असेल तर गेटवे (तुमचा कॉम्प्युटर पॉवर बीआयला जोडणारा प्रोग्राम) लागतो आणि रिफ्रेशच्या वेळी तो कॉम्प्युटर चालू असावा लागतो. त्या फंदात पडू नका. फाइल संस्थेच्या वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर ठेवा. एक्सेलमध्ये ती उघडून फाइल, इन्फो, 'कॉपी पाथ'. त्या पत्त्यातले प्रश्नचिन्ह आणि त्यापुढचे सगळे खोडा. मग पॉवर बीआयमध्ये 'गेट डेटा'मधून 'वेब' निवडून तो पत्ता द्या आणि साइन-इनला 'ऑर्गनायझेशनल अकाउंट' निवडा. आता गेटवेची गरज नाही.

वर्षातून चारदा येणाऱ्या माहितीला रोजचे वेळापत्रक कशाला? फेरी भरून झाली की 'रिफ्रेश नाऊ' दाबा. सलग चार वेळा रिफ्रेश फसला तर वेळापत्रक आपोआप बंद होते आणि ते कळायला महिने जातात.

जोडारी

वर्डप्रेसच्या बाजूचे सांगतो.

कोड परिच्छेदाच्या ब्लॉकमध्ये नाही, 'कस्टम एचटीएमएल' ब्लॉकमध्ये टाका. सेव्ह केल्यावर आयफ्रेम गायब होत असेल तर कोड चुकलेला नाही, तुमची भूमिका कमी पडते आहे. साध्या साइटवर अॅडमिन आणि एडिटर यांनाच आयफ्रेम ठेवता येते, ऑथरने टाकली तर वर्डप्रेस ती गाळून टाकतो. मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) असेल तर फक्त सुपर अॅडमिनला जमते. चौकट दिसते पण आत कोरे, असे असेल तर सर्व्हरवर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (बाहेरचे काय पानात येऊ द्यायचे ते ठरवणारा नियम) लावली आहे का ते होस्टिंगवाल्याला विचारा, बाहेरच्या फ्रेमच्या यादीत पॉवर बीआयचा पत्ता घालावा लागतो.

उंची: रिपोर्टचे पान १६:९ असले तरी खाली पॉवर बीआयची पट्टी येते, तिचे ५६ पिक्सेल उंचीत मिळवा. म्हणजे ८०० रुंदीला ४५० नव्हे, ५०६. ९६० ला ५९६. हे नाही केले तर दोन्ही बाजूंना करड्या पट्ट्या दिसतात.

मोबाइलवर मात्र हे गणित कोसळते. १२८० रुंदीचे पान ३६० च्या पडद्यावर साडेतीन पटींनी आकसते. १२ च्या अक्षरांची साडेतीन झाली तर गावाचे नाव कोण वाचणार? भरवशाचा उपाय म्हणजे मोबाइलसाठी वेगळा रिपोर्ट: पानाचा आकार 'कस्टम', ७२० बाय १२८०, अक्षरे २४ च्या खाली नाहीत, वर गाव निवडायची एक यादी, खाली एक आलेख, बस्स. नकाशा काढून टाका. बोटाने नकाशा सरकवताना आख्खे पान सरकते आणि माणूस वैतागतो.

माझे मत विचाराल तर गावच्या नेटवर्कसाठी पानात थेट आयफ्रेम लावूच नका. आलेखाचे एक हलके चित्र ठेवा आणि खाली 'तुमचे गाव निवडा' असे मोठे बटण, त्याला मोबाइलच्या रिपोर्टची लिंक. ज्याला हवे तोच रिपोर्ट उघडेल. मोठ्या पडद्यासाठी आयफ्रेम लावलीत तर टायटल मराठीत द्यायला विसरू नका, स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.

मोजपट्टी

साइटवर चढवण्याआधी आकडे काय सांगतात तेही बघा. पाणीपातळीच्या रिपोर्टमध्ये ठरलेल्या चुका होतात.

तुमची खोली जमिनीपासून मोजलेली असणार, म्हणजे आकडा मोठा तेवढे पाणी खाली. साध्या आलेखात मे महिन्यात रेघ वर चढलेली दिसते आणि बघणारा म्हणतो पाणी वाढले. वाय अक्षाच्या सेटिंगमध्ये 'इन्व्हर्ट रेंज' आहे, ते चालू करा. शून्य वर, खोली खाली, विहिरीत असते तसे.

कोरड्या विहिरीला ० लिहिले आहे का तपासा. ० म्हणजे पाणी काठोकाठ! खोलीचा रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात 'कोरडी' लिहा. पण मग दुसरा सापळा. समजा गावात १० विहिरी, मार्चला सरासरी खोली १०.५ मीटर. मेमध्ये सर्वांत उथळ ४ आटल्या आणि उरलेल्या ६ विहिरींपैकी काही कालव्याकाठच्या, त्यांची सरासरी ९.८ आली. रिकाम्या जागा सरासरीत धरल्या जात नाहीत, त्यामुळे पाणी चढल्याचे चित्र उमटते. म्हणून आलेखाशेजारी 'कोरड्या विहिरी: १० पैकी ४' हे कार्ड हवेच. ते नसेल तर सरासरी दाखवू नका.

काही नोंदी कठड्यापासून आणि काही जमिनीपासून घेतल्या असतील तर कठड्याची उंची वजा करून घ्या. ६० ते ९० सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

मराठीमुळे येणाऱ्या अडचणी वेगळ्या. '१२.५' असे देवनागरी अंक टाइप केले असतील तर पॉवर क्वेरी त्यांना मजकूर समजते आणि आकड्यात बदलताना एरर देते. आधी अंक बदलून घ्या. सीएसव्हीतून आणत असाल तर 'फाइल ओरिजिन' ६५००१ निवडा, नाहीतर अक्षरांचा चुरा. आणि गावाच्या नावावर तक्ते जोडू नका. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो, पडद्यावर हुबेहूब सारखा, कॉम्प्युटरला वेगळा; जोडणी मुकाट्याने तुटते आणि त्या गावाच्या नोंदी 'ब्लँक'खाली जातात. वडगाव तर तालुक्यागणिक सापडेल. २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गावक्रमांक वापरा.

गंमत म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे हा वर्णानुक्रमही आहे आणि जलवर्षाचा (जून ते मे) क्रमही. महिन्यांची नावे एरवी 'सॉर्ट बाय कॉलम' लावल्याशिवाय रांगेत येत नाहीत, इथे फुकटात येतात. फक्त 'मे २०२४' असे एकत्र लिहू नका, मग सगळे मे एकत्र येतात. जलवर्ष '२०२३-२४' वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.

पाणीनोंद

सर्वांचे मनापासून आभार. वेगळी फाइल केली, गट क्रमांकही काढला. शून्ये खरेच निघाली, २३ नोंदी. आता दोन शंका. रिफ्रेश यशस्वी दाखवतो, पण साइटवर अजून जुनेच आकडे आहेत. आणि सोबतचे एक जण म्हणतात लुकर स्टुडिओ (गुगलचे असेच रिपोर्ट बनवायचे साधन) वापरा, सोपे आहे. काय करावे?

तक्तेबाज

तासभर थांबा. पब्लिश टू वेबची माहिती कॅशमधून (आधी साठवून ठेवलेल्या प्रतीतून) येते आणि रिफ्रेशनंतर ती बदलायला तासाभरापर्यंत वेळ लागू शकतो. ब्राउझरची हिस्टरी पुसून फायदा नाही, ती कॅश त्यांच्या सर्व्हरवर असते. त्यानंतरही जुनेच दिसले तर नावाची गडबड तपासा, वर लिहिली आहे ती.

कार्डावर 'आजची तारीख' ठेवली असेल तर तीही बघा. सर्व्हरवरचे टुडे फंक्शन यूटीसी वेळेने (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) चालते, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत कालची तारीख येते. तारखेऐवजी 'शेवटची फेरी: मे २०२५' असे नोंदींतूनच काढलेले दाखवा, जास्त खरे आहे.

कडीकोयंडा

लुकर स्टुडिओ वाईट नाही. माहिती गुगल शीटमध्ये असती तर तेच सुचवले असते. साधे जीमेल चालते, शीटची माहिती मूळ सेटिंगमध्ये दर १५ मिनिटांनी ताजी होते. तिथे 'ओनर्स क्रेडेन्शियल्स' (शीट तुमच्याच परवानगीने वाचली जाते) ठेवा, म्हणजे शीट सगळ्यांना खुली करावी लागत नाही. शेअरिंगमध्ये वाचकांचे डाउनलोड बंद करायची सोय आहे, पण तिच्यावर विसंबून नावे-नंबर शीटमध्ये ठेवू नका. नियम तोच, जे खुले करायचे नाही ते त्या फाइलमध्येच नको. टॅब्लो पब्लिकलाही (असेच आणखी एक मोफत साधन) हेच लागू, तिथे तर वर्कबुक डाउनलोड करू देणे हीच मूळ सेटिंग असते.

पण तुमचा रिपोर्ट तयार आहे, आकडे तपासून झालेत. आता घोडा बदलू नका.

जोडारी

ग्रामपंचायतीत क्यूआर कोड चिकटवणार असाल तर तो पॉवर बीआयच्या लिंकचा करू नका, संस्थेच्या साइटवरच्या पानाचा करा. एम्बेड कोड उद्या बदलला तर पानातली एक ओळ बदलेल. नाहीतर ४२ गावांत जाऊन कागद खरवडावे लागतील.