जुना फिशर: घोट्याला करंट घ्यावा का ऑपरेशनच करावं?

शिवारकर, औसा

नमस्कार मंडळी. वय ३४, हार्वेस्टर चालवतो. दिवाळीपासून फिशरनं, म्हणजे संडासच्या जागेला पडलेल्या चिरेनं, हैराण झालोय. संडासहून आलं की काच चिरल्यावानी दुखायलंय, ते दोन-दोन तास थांबत नाही. रक्ताचे थेंब पडतात. बाहेर एक कोंब आलाय, त्याला गावात सगळे मूळव्याधच म्हणायलेत.

लातूरच्या सर्जननी तपासून सांगितलं की फिशर जुना झालाय, बाजूच्या स्नायूला छोटी चीर द्यावी लागेल. त्याच आठवड्यात पुण्याच्या पाहुण्यानं सांगितलं, आता घोट्याच्या नसेला करंट देतात, कापाकापी काहीच नाही. तेव्हापासून डोकं चालंना.

मी भजनात पखवाज वाजवतो. एकादशीला रात्र-रात्र मांडी घालून बसावं लागतं. ऑपरेशननंतर वारा आवरत नाही असं एकानं सांगितलंय. चारचौघांत, देवासमोर तसं व्हायला लागलं तर मी पखवाजाला हात लावणार नाही. हे सोडून मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी सुरू होईल. ज्यांनी घेतलंय त्यांनी खरं सांगा. मलम लावून झालंय, ते बधिर करणारं जेल.

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई

दादा, मी इथल्या स्वाराती सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या वॉर्डात नोकरी केली. फिशरचे पेशंट इतके बघितले की दारातून आत येतानाच्या चालीवरून ओळखू यायचे. लाजेपायी माणसं वर्ष-वर्ष अंगावर काढतात. तुम्ही उघड विचारलंत, बरं केलंत.

आधी मलमाचं. बधिर करणारं जेल म्हणजे इलाज नव्हे, ते फक्त दुखणं झाकतं. जुन्या फिशरमध्ये आतला स्नायू सतत आवळलेला राहतो. त्यामुळे जखमेला रक्त कमी पोचतं, आणि रक्त पोचलं नाही तर जखम भरणार कशी? म्हणून स्नायू सैल करणारं मलम वेगळं असतं. डिल्टियाझेम २ टक्के, नाहीतर नायट्रोग्लिसरीन. ते दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे, दुखो न दुखो, नेमानं लावायचं. नायट्रोग्लिसरीननं डोकं फार दुखतं, आणि ते चालू असताना व्हायग्रासारखी गोळी अजिबात घ्यायची नाही, रक्तदाब एकदम खाली जातो. तुम्हाला यातलं काही मिळालेलं दिसत नाही. ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी सर्जनना स्पष्ट विचारा, "मला हे मलम देऊन बघायचं का?" बऱ्याच जणांचं तिथंच भागतं.

तो कोंब मूळव्याधीचा नाही. जखमेच्या बाहेरच्या टोकाला कातडी फुगते, तो आहे. फिशर जुना झाल्याची ती खूण.

मलमानं भागलं नाही तर तुमच्या वयाच्या, स्नायू घट्ट असलेल्या पुरुषाला मी ऑपरेशनच सांगेन. त्याला लॅटरल स्फिंक्टरोटॉमी म्हणतात. जखमेला हात लावत नाहीत, बाजूला आतल्या स्नायूचा थोडा भाग कापतात. बाहेरचा, आपण मुद्दाम आवळतो तो स्नायू तसाच राहतो. शंभरात नव्वदहून जास्त लोकांची जखम भरते. मी पाहिलंय, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासहून आलेला माणूस रडायचा, दुखलं नाही म्हणून.

आता तुमची भीती. ती खोटी नाही आणि तुम्हाला कोणी "काही होत नाही हो" म्हणून उडवून लावलं तर ऐकू नका. २०१३ साली जुने अभ्यास एकत्र करून एक मोठा हिशोब छापून आला. पुढे दोन वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं तर साधारण १४ टक्के लोकांना आवरण्यात काही ना काही कमी-जास्त जाणवलं. त्यात सगळ्यात जास्त वारा न आवरणं, मग कपड्याला डाग लागणं. घट्ट संडास न आवरणारे एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे तुम्ही म्हणता तेच नेमकं होऊ शकतं, पण बहुतेकांना होत नाही. हे सर्जनना पखवाजासकट सांगा. आजकाल चांगले सर्जन फिशरच्या लांबीएवढाच काप घेतात, जास्त नाही. किती कापणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि करंट. घोट्याच्या आतल्या बाजूला टिबियल नस असते. तिची मुळं कमरेखाली जिथून निघतात, तिथूनच संडासच्या जागेला जाणाऱ्या नसाही निघतात. म्हणून पायाला सौम्य करंट दिला की वर परिणाम व्हावा, असा विचार आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठका, काही आठवडे. काही कापत नाहीत, म्हणून स्नायू कापल्यानं होणारा धोका त्यात नाही, ही मोठी गोष्ट. पण इजिप्तमधल्या मनसुरा इथल्या सर्जननी २०१५ साली दोन्ही इलाज समोरासमोर ठेवून पाहिले, त्यात ऑपरेशन पुढं राहिलं. करंटवाल्यांना आराम पडला, पण जखम भरण्यात ते मागे आणि दुखणं परत आलेले जास्त. अभ्यास थोडे आणि लहान आहेत. कमरेच्या माकडहाडाजवळ तार बसवतात तो प्रकार वेगळा, तो मुख्यतः लघवी किंवा संडास न आवरणाऱ्यांसाठी. फिशरसाठी मोजक्याच लोकांवर झालाय. पाहुण्यांनी यातलं कोणतं सांगितलं ते विचारून घ्या.

परभणीची आई

सिस्टर, मी करंट घेतलाय म्हणून लिहिते. माझी दोन बाळंतपणं, पहिल्या वेळी चिमटा लावून, खाली बरंच फाटलं होतं. फिशर झाला तेव्हा सर्जन मॅडमनी बोटानं तपासलं आणि म्हणाल्या, तुमचा स्नायू आवळलेला नाहीच, उलट सैल आहे, मी कापणार नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा शेजारची कातडी सरकवून जखम झाकणं असे पर्याय दिले, आणि आधी करंट घेऊन बघू म्हणाल्या. सुरू करण्याआधी पेसमेकर आहे का, दिवस गेलेत का, हे विचारलं.

घोट्याला मुंग्या येतात, अंगठा हलतो. दुखत नाही. काही बैठकांनंतर रक्त थांबलं, कळ पुष्कळ कमी झाली. मग चैत्र-वैशाखात पाण्याचे हाल, टँकरची वाट बघत पाणी कमी प्यायले, कोठा जड झाला आणि पुन्हा सुरू. परत बैठका घेतल्या. आज मी बरी आहे, पण कायमचं गेलं असं म्हणणार नाही. माझ्यासाठी हाच इलाज बरोबर होता. दादा, तुमचा स्नायू घट्ट असेल तर तुमचं वेगळं.

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई

ताई, तुमच्या मॅडमनी अगदी योग्य केलं. बाळंतपणात इजा झालेल्या बाईचा स्नायू कापायच्या आधी दहा वेळा विचार करावा. माझ्या डोळ्यांसमोर न विचारता कापलेल्या बायका आहेत. त्यांनी लग्नकार्याला जाणं सोडलं. हे लिहिताना मला आजही राग येतो.

कळंबचा तात्या

आमच्या इकडं बाजाराच्या दिवशी एक जण औषध लावतो, एका दिवसात कोंब गळून पडतो म्हणतात. ऑपरेशनची गरजच नाही.

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई

तात्या, हात जोडून सांगते, तिथं कोणालाही पाठवू नका. जाळणारं औषध असतं ते. जागा भाजते, भरताना आकसते, मग संडासची वाटच अरुंद होते. असे पेशंट आमच्याकडं यायचे, तेव्हा साधा फिशर राहिलेला नसायचा.

शिवारकर, औसा

सिस्टर, ताई, लई आभार. सर्जननी बोट घातलं तेव्हा "फार आवळलंय" असंच म्हणाले होते. फिशर पाठीकडच्या बाजूला मधोमध आहे असं चिठ्ठीवर लिहिलंय. आता आधी ते डिल्टियाझेम मागतो. खायचं काय ते सांगा, घरची विचारायलीय. आणि मलमानं जमलं नाही तर काढणी धरता येईल का?

निवृत्त सिस्टर, अंबाजोगाई

पाठीकडं मधोमध म्हणजे नेहमीचा फिशर. आडबाजूला असता तर टीबी, क्रोन्स (आतड्याला सूज येणारा आजार) असलं काही नाही ना, हे आधी तपासायला लागलं असतं.

वहिनींना सांगा, ज्वारीची भाकरी चालूच ठेवा, पालेभाजी, मुगाचं वरण वाढवा, ठेचा सध्या बंद. रात्री इसबगोल, त्यावर पाणी भरपूर, नुसतं इसबगोल उलट कोठा बांधतं. मशीनवर पाण्याचा कॅन ठेवा आणि कळ आली की मशीन थांबवा, फड संपवून जातो म्हणू नका. संडासनंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा.

मलम आजपासून लावलं तर दसऱ्यापर्यंत कळेल. ऑपरेशन करावं लागलंच तर बहुतेक जण आठवड्या-दोन आठवड्यांत कामावर येतात, पण हार्वेस्टरचे धक्के आणि धूळ बघता मी काढणी उरकूनच करा म्हणेन, तोवर मलम सोडू नका. मध्येच ताप आला, जागा सुजून ठणकली किंवा पू दिसला तर काढणी सोडून त्याच दिवशी लातूर गाठा.