एबीएस प्लास्टिकच्या डायमध्ये (साच्यात) पीपी (पॉलिप्रॉपिलीन) चालवलं तर प्रेशरचा ग्राफ धाडकन पडतो, का बरं?

मकरपुरावाला:
बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत १५० टनाच्या (डाय बंद धरायचा जोर) इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर आहे. डायमध्ये गेटजवळच्या (माल आत शिरायचं तोंड), पीस बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनमागे प्रेशर सेन्सर लावलाय. दोन वर्षं एबीएस चाललं, ग्राफ वर जायचा आणि मग निवांत उतरायचा. आता पार्टीला तोच पीस पीपीत हवाय, स्वस्त पडतो ना. मेल्ट (वितळलेला माल) २२० डिग्री केलं, बाकी सेटिंग तेच, होल्ड (डाय भरल्यावरही मागून दाब धरून ठेवायचा वेळ) ४ सेकंद, तर होल्ड संपला रे संपला की ग्राफ कड्यावरून ढकलल्यासारखा खाली, आणि बॉसच्या (स्क्रूसाठीचा जाड उंचवटा) मागे खड्डा. होल्डचं प्रेशर वाढवलं तर फ्लॅश (डायच्या फटीतून बाहेर येणारा पापुद्रा) यायला लागली. सेठ म्हणतात दाणाच (कच्चा माल) खराब. खरंय का?

डायवाले काका:
अरे दाण्याला कशाला शिव्या देतोस. होल्ड सुटल्या क्षणी ग्राफ पडतो म्हणजे गेट अजून गोठलंच नाहीये, माल उलटा रनरमध्ये (गेटकडे माल आणणारी वाट) परत येतोय. पीपी थंड होताना त्याचे स्फटिक बनतात, तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि आकारमान एकदम घटतं, म्हणून त्याला मागून माल देत राहावा लागतो. एबीएसमध्ये स्फटिकांची भानगडच नाही, ते हळूहळू आकसतं म्हणून तुझा ग्राफ निवांत उतरायचा. प्रेशर नको वाढवू, होल्डचा टाइम वाढव. दोन-दोन सेकंद वाढवत पीस काट्यावर ठेव, वजन वाढायचं थांबलं की गेट गोठलं.

पॉलीमास्तर:
काकांशी सहमत, पण सेन्सर गेटपाशी आहे म्हणजे अर्धीच गोष्ट दिसतेय. पीसी (पॉलिकार्बोनेट) घट्ट असतं, गेटला भरपूर प्रेशर दाखवतं आणि टोकापर्यंत पोचता पोचता बरंच गळून जातं. नायलॉनचं उलटं, पाण्यासारखं पळतं, टोकालाही प्रेशर तगडं आणि बारीक फट मिळाली तरी फ्लॅश. फ्लॅशचा हिशेब पण करून बघ, समोरून पीसचं क्षेत्रफळ १५० चौ. सेंमी. आणि आत सरासरी ३०० बार असलं तर साधारण ४५ टन डाय उघडायला बघतात, ६०० झाले तर ९०. तेवढ्याला तुझं मशीन पुरतं, तेव्हा पार्टिंग लाइन (डायचे दोन भाग मिळतात ती कड) घासलीये का ते एकदा बघ.

मकरपुरावाला:
केलं काका. ४ सेकंदाला ३१.२ ग्रॅम, ६ ला ३१.६, ८ ला ३१.८, १० ला पण ३१.८. होल्ड ८ ला ठेवला, प्रेशर जुनंच. खड्डा गेला, ग्राफही आता सावकाश उतरतोय. पण झाकण घट्ट बसत नाहीये, पीस बारीक निघतोय.

डायवाले काका:
निघणारच! १०० मिमीला एबीएस साधारण अर्धा मिमी आकसतं, पीपी दीड-एक मिमी. प्रेशरने तो फरक भरून काढायला जाशील तर पीस डायमध्ये चिकटेल आणि मग पिना वाकवशील. कॅव्हिटीच (डायमधली पीसची पोकळी) मोठी करावी लागेल.

मकरपुरावाला:
म्हणजे डायचा खर्च. हे पार्टीला सेठनीच सांगावं, मी फोन करत नाही.