"फक्त एक सही हवीय" : नात्यात जामीन राहावं की नाही?

खतावणी

घरातल्या माणसाला करायच्या मदतींत दिसायला सगळ्यात लहान आणि निघायला सगळ्यात मोठी मदत म्हणजे जामीन. मागणारा म्हणतो, "नावापुरती सही आहे, हप्ते मीच भरणार." तो खोटं बोलत असतो असंही नाही. पण जामीनपत्र त्याच्या मनावर चालत नाही. करार कायदा, १८७२, कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "आधी त्याच्याकडून वसूल करतील, नाहीच जमलं तर माझ्याकडे येतील" हा क्रम आपल्या डोक्यात असतो, कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या खटल्यात १९६९ सालीच सांगितलंय की, बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागून दमायची गरज नाही, थेट जामीनदाराला धरता येतं.

आता आकडे. पतसंस्थेचं ५ लाखांचं कर्ज, १४ टक्के, ५ वर्षं. हप्ता साधारण ११,६३४ रुपये. कर्जदाराने १८ हप्ते इमानदारीत भरले, म्हणजे २ लाखांच्या वर रक्कम गेली, आणि मग धंदा बसला. तेव्हा मुद्दल उरलेलं असतं साधारण ३ लाख ८५ हजार. पुढची दोन वर्षं एक पैसा आला नाही, १४ वर २ टक्के दंडव्याज धरलं आणि साधंच व्याज लावलं, तरी देणं ५ लाख ७ हजारांवर जातं. वर नोटिसा, वकील, वसुलीचा खर्च. जामीनदाराला पहिली नोटीस हातात पडते तेव्हा हा आकडा असतो. "अर्धं तर फेडलंच असेल" या समजुतीत तो असतो.

माझं मत स्पष्ट आहे. नात्यात जामीन राहू नये. मदत करायचीच असेल तर आपल्याला पेलेल तेवढी रक्कम सरळ द्यावी आणि ती गेली असं समजावं.

शेअर_सभासद

खतावणी, हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष नाही पटला. तुम्ही सगळ्या कर्जांना एकाच दावणीला बांधलंय.

नोकरदारांच्या सोसायट्या बघा. शिक्षक, एसटी, झेडपी, कारखाना. तिथे तारण म्हणून जमीन नसते, सोनं नसतं. सभासद एकमेकांना जामीन राहतात म्हणून शिपायालाही तीन-चार लाख मिळतात. हप्ता पगारातूनच कापून येतो, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली तसा करार करून घेतलेला असतो आणि पगार काढणाऱ्याला तो पाळावा लागतो. अशा कर्जात थकण्याच्या वाटा मोजक्याच : माणूस वारला, निलंबित झाला, नोकरी सोडली, किंवा निवृत्तीला दोन वर्षं असताना पाच वर्षांचं कर्ज दिलं. चारही गोष्टी सही करण्याआधी बघता येतात, किंवा निदान विचारता येतात.

तुमच्या सल्ल्याने सगळेच वागले तर तो शिपाई कुठे जाणार? खासगी सावकाराकडे, शेकडा ३ ते ५ रुपये महिना. म्हणजे वर्षाला ३६ ते ६० टक्के. मग तेच देणं घरात येतं, फक्त रात्री येतं.

आणि "रक्कम सरळ द्या" म्हणणं सोपं. ज्याच्याकडे द्यायला रक्कम असते त्याला जामीन मागायला कोणी येत नाही, उसनेच मागतात.

दफ्तर_क्रमांक_३

वसुली कशी चालते ते दोघांनीही सोडलं म्हणून लिहितो.

पतसंस्था सहसा दिवाणी कोर्टात जात नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करते. सोबत खातेउतारा, कर्जरोखा, जामीनपत्र. कर्जदाराला आणि सगळ्या जामीनदारांना नोटीस निघते. इथे जामीनदार हमखास चूक करतो : "कर्ज त्याचं आहे, तो बघेल" म्हणून तारखेला जातच नाही. वसुली दाखला सगळ्यांच्या नावावर एकत्र निघतो. मग त्याच कायद्याचं कलम १५६ आणि सहकारी संस्था नियमांतला नियम १०७ यांखाली वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागता येते, पण अर्ज दाखल करून घ्यायलाच वसुलीपात्र रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. बोलायचं ते १०१ च्या तारखेलाच बोलून घ्या असं म्हणतात ते यासाठी.

त्या तारखेला काय मागायचं? पूर्ण खातेउतारा, पहिल्या दिवसापासूनचा. भरलेले हप्ते आधी कशात वळते केले, मुद्दलात की दंडव्याजात. जामीनपत्राची प्रत, रकमेसकट. कर्जदाराचं तारण असेल तर त्याचं काय झालं. हे लेखी द्या आणि पोच घ्या.

अधिकारी पहिला कोणाकडे येतो? पगारदार जामीनदाराकडे. कर्जदाराचं दुकान बंद असतं, जमिनीवर चार भावांची नावं असतात, पगार मात्र दर महिन्याला एकाच खात्यात येतो. दिवाणी कोर्टाच्या जप्तीत निदान संरक्षण आहे : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावता येत नाहीत. जप्तीयोग्य पगार ४०,००० असेल तर १३,००० कापले जातात. एका हुकूमनाम्यापोटी ही कपात जास्तीत जास्त २४ महिने.

खतावणी

म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं लांबवून सांगितलंत.

दफ्तर_क्रमांक_३

नाही. जामीन राहू नका असं मी म्हटलेलं नाही. नोटीस आल्यावर घरात बसू नका असं म्हटलंय.

माहेरचा_आहेर

वरची सगळी चर्चा पुरुषांनी पुरुषांशी केल्यासारखी चाललीय. सही मागितली जाते ती बऱ्याचदा पगारदार बाईकडे : वहिनी शिक्षिका आहे, आत्या नर्स आहे, मावशी तलाठी ऑफिसात आहे. आणि विचारलं जातं नवऱ्यामार्फत किंवा सासूमार्फत, भाऊबीजेच्या ताटापाशी. तिला कर्जाची रक्कमही नीट सांगितलेली नसते. तीन महिन्यांची पगारपत्रकं, दोन फोटो, आधार-पॅनची झेरॉक्स एवढं मागतात. समोर येतो तो छापील फॉर्म, रकमेची जागा कोरी, तारखेची जागा कोरी, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली. खाली आणखी दोन कोरे धनादेश, "हे नुसते फाइलला लावायचे असतात" म्हणून.

धनादेशाचं ऐका. जामीनदार म्हणून दिलेला धनादेश परत गेला तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (चलनक्षम दस्तऐवज) कायद्याचं कलम १३८ लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच तसा निकाल दिलाय. "कर्ज माझं नव्हतं" हा बचाव तिथे चालत नाही. धनादेश न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस येते, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी तक्रार. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोरा धनादेश कुठल्याही नात्यात देऊ नये, यात मला मध्यममार्ग दिसत नाही.

जामिनाबद्दल मात्र मी खतावणींच्या बाजूची आहे. नाही म्हणायला खरं कारण असतंच : जामीन राहिलेलं कर्ज आपल्याही सिबिलच्या अहवालात "जामीनदार" म्हणून दिसतं. उद्या स्वतःचं घरकर्ज घ्यायचं असेल तर बँक ते बघते, आणि त्याने हप्ते चुकवले की डाग इकडेही पडतो. हे सासूबाईंनाही सांगता येतं, कोणाचा अपमान होत नाही.

शेअर_सभासद

कोऱ्या धनादेशाबद्दल शंभर टक्के सहमत. कोऱ्या फॉर्मबद्दलही. पण फॉर्म भरून घ्या म्हणणं आणि सहीच करू नका म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या ना, ताई.

कलमबहाद्दर

कर्जाचा प्रकार विचारा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

मुदतीचं कर्ज असेल तर आकडा ठरलेला असतो. दुकानाचं कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलायचं आणि भरायचं खातं, असेल तर सावध. तिथे जामीन "अखंड" असतो, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या सगळ्या व्यवहारांना लागू, करार कायदा, कलम १२९. आज ३ लाखांची मर्यादा, दोन वर्षांनी नूतनीकरण करताना ८ लाख. नव्या कागदावर तुमची सही घेतली नाही तर वाढीव रकमेला कलम १३३ चा बचाव मिळू शकतो, कारण तुमच्या संमतीशिवाय अटी बदलल्या. पण छापील जामीनपत्रात एक ओळ असतेच : "कर्जदारास मुदतवाढ, मर्यादावाढ वा अन्य सवलत दिल्यास आमची हरकत राहणार नाही." ती ओळ आहे का बघा, आणि असेल तर मर्यादावाढीचा शब्द खोडून बाजूला दोघांच्या सह्या घ्या. अखंड जामीन पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन काढून घेता येतो, कलम १३०. मागचं उचललेलं मात्र डोक्यावर राहतं. जामीनदार वारला तरी तोवरचं देणं त्याच्या मिळकतीतून वसूल होतं, म्हणजे वारसांना जे मिळालं असेल तिथपर्यंत.

आणखी एक. "जामीनदार नको, सहकर्जदार म्हणून नाव लाव, व्याज कमी पडतं" असं सांगणारे एजंट असतात. सहकर्जदार झालात की बँकेच्या लेखी ते कर्ज तुमचंच. "मी फक्त जामीन होतो" म्हणायची सोयही राहत नाही.

खतावणींच्या आकड्यात एक दुरुस्ती : बँका आणि एनबीएफसींना (बिगर-बँक वित्त कंपन्यांना) १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा तो नियम पतसंस्थांना मात्र लागू नाही, त्या निबंधकाच्या अखत्यारीत येतात.

खतावणी

मी पतसंस्थेचंच उदाहरण घेतलं होतं, पण फरक नोंदवलात ते बरं झालं.

खोडाखोडीबद्दल : शाखेत बसलेला माणूस छापील फॉर्मवर खोडून देत नाही. "असंच करायचं असेल तर दुसरा जामीनदार आणा" म्हणतो. मग भाऊ तुमच्या तोंडाकडे बघतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ती तिथे कामाला येते.

कलमबहाद्दर

देत नसेल तर रकमेची मर्यादा लिहून मागा : "माझी जबाबदारी व्याजासह कमाल अमुक लाखांपर्यंत". कलम १२८ मधली सवलत यासाठीच आहे. काही ठिकाणी मान्य करतात, विशेषतः दुसरा जामीनदार किंवा तारण असेल तर. तेही नाकारलं तर तुमच्याकडून काय घेतलं जातंय हे तरी कळलं.

उंबरठा

जामीन लागतोच का, हे कोणीच विचारलं नाही. भाच्याच्या शिक्षणासाठी मामाची सही मागत असतील तर ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे, त्यात तारण आणि तिसऱ्याचा जामीन मागायचा नसतो. आईवडील सहकर्जदार पुरतात. मुद्रा कर्जातही तेच. शाखा तरीही मागते, कारण तिला सोपं पडतं. तेव्हा मामाने पहिला प्रश्न करायचा : कुठली योजना, आणि जामिनाची अट कागदावर कुठे आहे? सोनं घरात असेल तर सोनेतारण कर्जाला कोणीच जामीन लागत नाही. बायकोचे दागिने ठेवायला जीव जात नाही म्हणून वहिनीची सही, असा प्रकारही चालतो. त्याला माझा सरळ नकार.

शेअर_सभासद

हे आवडलं. आता ज्यांना राहायचंच आहे त्यांच्यासाठी. एक, कर्जदाराचा कर्जविमा उतरवून घ्या, माणूस गेला तर जामीनदार सुटतो. दोन, खात्याचा उतारा दर तीन महिन्यांनी मागायचा, नातं आहे म्हणून लाजायचं नाही. दोन हप्ते थकले की तिसऱ्याची वाट न बघता दोन्ही घरं बसवायची. तीन, तारणाची नोंद झालीय का बघा. संस्थेने जामीनदाराच्या संमतीशिवाय तारण सोडलं किंवा गमावलं तर तेवढ्या किमतीपुरता जामीनदार सुटतो, करार कायदा, कलम १४१.

माहेरचा_आहेर

आणि भरायची वेळ आलीच तर?

दफ्तर_क्रमांक_३

तर पावतीकडे लक्ष द्या, लोक इथेच फसतात. काउंटरवर पैसे भरले की पावती कर्जदाराच्या नावाने निघते, "कर्ज खाते क्रमांक अमुक, जमा". उद्या ते पैसे त्यानेच भरले असं दिसतं. रक्कम स्वतःच्या खात्यातून धनादेशाने किंवा आरटीजीएसने भरा, आणि पावतीवर "जामीनदार यांचेकडून" असं लिहून घ्या. नाही लिहून दिलं तर त्याच दिवशी संस्थेला पत्र, पोचेसह. सगळं देणं भागवलंत की संस्थेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क तुमच्याकडे येतात, तारणासकट, कलम १४०. कलम १४५ प्रमाणे कर्जदाराकडून भरपाई मागता येते. दुसरा जामीनदार असेल तर त्याच्याकडून निम्मा वाटा, १४६. दाव्याची मुदत तुम्ही पैसे भरल्यापासून तीन वर्षं.

खतावणी

तीन वर्षांत सख्ख्या मेहुण्यावर दावा लावणारा जामीनदार दाखवा मला. मुदत संपते ती घरात विषय कोण काढणार यावरच. म्हणून म्हणतो, रोख द्या आणि मोकळे व्हा.

कलमबहाद्दर

रोख नको हो. आयकर कायद्यात २०,००० किंवा त्याहून जास्त उसने रोखीने घेता येत नाहीत, नातेवाइकाकडूनही नाही. फक्त शेतीचंच उत्पन्न असलेल्या दोघांना त्यातून सूट आहे. खात्यातून खात्यात पाठवा.

आणि दावा लावायचा नसला तरी कबुली लिहून घ्या. "तुम्ही माझ्या कर्जापोटी अमुक तारखेला अमुक रक्कम भरलीत, ती मी देणे आहे", खाली सही आणि तारीख. मुदत संपण्याआधी सहीनिशी दिलेल्या कबुलीने तीन वर्षं नव्याने मोजली जातात. हे मेहुण्याकडून मागता येतं, कोर्टाची पायरी न चढता.

शेअर_सभासद

मेहुणा ती देईल का, हे मात्र त्याच्या बहिणीला विचारा.