मदत हवी आहे: खाडीत लावलेलं कांदळ मेलं, पुन्हा लावायचं की आधी पाणी मोकळं करायचं?

नमस्कार मंडळी,

माझं गाव अलिबागच्या खारेपाटात, अगदी खाडीला लागून. नोकरी पनवेलला, पण शनिवार-रविवार गावीच असतो. गेल्या पावसाळ्यात एका कंपनीच्या पैशातून एका संस्थेने आमच्या खाडीत कांदळाच्या (ही एक खारफुटी) शेंगा लावल्या, त्या चिखलात रोवल्या की रोप होतं. बायकांना रोज मिळाला, बॅनर लागला, फोटो निघाले. दिवाळीला जाऊन बघतो तर चिखलात नुसत्या बांबूच्या काठ्या. ज्या शेंगा उभ्या होत्या त्यांच्यावर पांढरे खरखरीत शिंपले बसलेले. एक उपटली, तर खालचं टोक काळं पडून मऊ झालेलं.

आणि तिथून हाकेच्या अंतरावर, बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) खांड म्हणजे भगदाड पडून जी शेतं बुडाली, तिथे कुणी न लावता तिवर (दुसरी खारफुटी) डोक्याच्या वर गेलाय!

आता संस्था पुन्हा येतेय. जागा तीच, शेंगाही त्याच. परवाच्या बैठकीत जरा वाजलंच. चुलती तिथे कालवं आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे) काढायला जाते. ती म्हणाली, "अरे, सुकतीला तासभर तो चिखल उघडा पडतो, एरवी पाण्याखालीच. झाड श्वास कधी घेणार? आम्हाला कोणी विचारलं का?" खांडीच्या बाजूचे शेतकरी वेगळ्याच काळजीत आहेत, एकदा तिवर धरला की सातबारा आपला राहून उपयोग काय? पोरांचं म्हणणं, रोज मिळतोय तर लावा की.

माझ्या डोक्यात तिसरीच जागा आहे. गावाच्या हद्दीत एक जुनं मिठागर पडून आहे. बांधामुळे भरतीचं पाणी आत जात नाही, पावसाचं साचतं आणि उन्हाळ्यात वर मिठाची साय धरते. तिथे काही करता येईल का? कुठली झाडं लावावीत? आणि लावल्यावर गावाच्या हातात काही राहील असं कसं बघायचं? कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. "निसर्ग वाचवा" छाप प्रतिसाद नकोत, ते बॅनरवर होते.

---

तिवरवाला: तुमच्या चुलतीला संस्थेचा सल्लागार करा. समुद्राच्या सरासरी पातळीच्या खाली रोप लावलं की ते बुडून मरतं. फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं असंच मोकळ्या चिखलात कांदळ लावलं आणि जगलं जेमतेम दहा-वीस टक्के. मोकळा चिखल दिला जातो, कारण तिथे सातबारा आडवा येत नाही. सोपा उपाय सांगतो. उधाणाच्या भरतीला एक काठी घेऊन जा, आपोआप आलेल्या तिवराच्या बुंध्याशी पाणी कुठवर चढतं त्याची खूण करा. नव्या जागेत तेवढंच पाणी चढत असेल तरच लावा.

गाळकरी: मिठागराबद्दल. तमिळनाडूत पिचावरमला असाच प्रकार होता. इंग्रजांच्या काळात जंगल पट्ट्या-पट्ट्याने तोडलं, जमीन खचून बशीसारखी झाली, पाणी साचून नुसतं मीठ. १९९० च्या दशकात स्वामिनाथन प्रतिष्ठानने गावकऱ्यांबरोबर तिथे माशाच्या काट्यासारखे चर खणले, मधे मोठा, बाजूंना तिरके लहान. भरती आत-बाहेर करू लागली, मग झाडं धरली. नंतर गाळ काढत राहावं लागतं, ते काम गावालाच द्यायला सांगा. रोज मिळेल तो खरा तिथे. मात्र मिठागर कोणाच्या नावावर आहे ते आधी तलाठ्याकडे बघा आणि परवानगीशिवाय बांधाला कुदळ लावू नका.

खारेपाटकर (धागाकर्ता): धन्यवाद! मिठागराचा उतारा काढतो. शेतकऱ्यांना काय सांगू?

मालवणी माणूस: खरं ते सांगा. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन तोडता येत नाही, भोवतीचे ५० मीटरही राखायचे. म्हणून ज्यांना भातशेती परत हवी आहे त्यांची खांड झाडं येण्याआधी बांधायला हवी होती. तुमच्याकडे जोळ (गावाने मिळून बांध राखायची पद्धत) होता ना त्यासाठी?
दुसरं, वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे २०१७ पासून उपजीविका योजना आहे, खेकडापालन, कालवं, शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) वगैरे. गटाला ९० टक्के सरकारचे, दहा टक्के आपले. त्यासाठी गावात सहव्यवस्थापन समिती लागते, तिच्यात कालवं काढणाऱ्या बायका आधी घ्या. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, एकदा जाऊन या.

खारेपाटकर (धागाकर्ता): जोळ आजोबांच्या वेळी होता. आता खांड पडली की फोन अधिकाऱ्यांना जातो. येत्या पौर्णिमेला चुलतीला घेऊन काठी रोवायला जातोय. तिने आत्ताच बजावलंय, सॅंडल घालून येऊ नकोस.