मोरचुदात पाणी 3.6 कसं आलं?

मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) तापवून, वजनातल्या घटीवरून त्यातल्या प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे रेणू किती ते काढताना तुमचं उत्तर 5 ऐवजी 3.6 आलं, म्हणून लगेच तराजूला दोष देऊ नका. हा आकडाच बोलका आहे! मोरचुदातले पाण्याचे चार रेणू शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास निघून जातात. पाचवा सल्फेटला चिकटून बसतो, त्याला 200 च्या वर न्यावं लागतं. तेवढ्यात पूड पांढुरकी दिसते आणि आपण बर्नर बंद करतो. 2.50 ग्रॅमचे 1.78 उरले असतील, तर नेमकं हेच झालंय. पाचवा रेणू आत असतानाही उरलेली पूड आपण पूर्ण कोरडी धरतो, म्हणून हिशोबात 4 न येता 3.6 च येतं. पूर्ण सुकल्यावर 1.60 उरायला हवेत. मूस (पूड तापवायचं भांडं) डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करा, वजन घ्या, पुन्हा तापवा. लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत. पण काळपट झाली, तर कॉपर ऑक्साइड बनतंय, ती पूड सरळ बाद.