मुरगावचा किल्ला आणि म्हणे पोर्तुगीज शिस्त!

वास्कोकर: काल कुणीतरी इथे लिहिलं, 'पोर्तुगीज जे ठरवायचे ते पार पाडायचे, आपल्यासारखा घोळ नाही.' डोकंच फिरलं. गोव्यातला हा मुरगावचा किल्ला बघा. पाया १६२४ ला घातला. १६८३ त संभाजीराजांनी जुन्या गोव्याजवळचं जुवे बेट घेतलं, पोर्तुगीज व्हाइसरॉय मरता मरता वाचला, त्याने राजदंड नेऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी ठेवला. मग टूम निघाली, जुन्या गोव्यातली राजधानीच मुरगावला हलवू! काम कधी चालू, कधी बंद. जुन्या गोव्यातल्या इमारती पाडून दगड न्यायचे हुकूम सुटले. १७०३ त व्हाइसरॉय तिथे राहायला गेला नि थोड्याच दिवसांत परतला. १७१२ ला पोर्तुगालच्या राजाने काम थांबवलं. राजधानी झाली शेवटी पणजी, १८४३ ला. ही शिस्त?

मांडवीकाठ: अर्धवट सांगू नका. जुन्या गोव्यात रोगराईने माणसं मरत होती. पावसाळ्यात मांडवीचं तोंड वाळूने बंद, मुरगावचं बंदर मात्र उघडं. कल्पना चोख होती. आणि आग्वादचा किल्ला १६१२ त पुरा झाला, तो विसरलात?

चिरेबंदी: कल्पना चोख, पण गवंडी? माझ्या घराचा जोता चतुर्थीआधी व्हायचा होता, झाला शिगम्याला, म्हणजे होळीला. वर चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, सिमेंटचा गिलावा मारून ठेवला. आता भिंत आतून पाझरते.

मांडवीकाठ: तुमच्या भिंतीचा इथे काय संबंध?

चिरेबंदी: संबंध आहे! चिरा पाणी पितो. त्याला चुनाच हवा, ओल बाहेर पडते. किल्ल्यांच्या डागडुजीतही सिमेंट थापतात, तेव्हा कुठे असता तुम्ही?

साळकार: चुना मळायला माणूस आणा बघू! माझ्या आजोबांनी शिंपल्यांचा चुना गुळाच्या पाण्यात मुरवला होता. आज तेवढे दिवस थांबतो कोण? सिमेंट नको तर झावळ्यांत राहा.

चिरेबंदी: आजोबांचं घर चांगलं उभं आहे ना? मग झालं तर.

साळकार: उभं आहे. भावकीच्या कज्ज्यात कुलूप लावून.

वास्कोकर: अहो, धागा किल्ल्याचा आहे! असो. मांडवीकाठ, बंदराची जागा त्यांनी बरोबर हेरली, एवढं मान्य. जहाजं आजही तिथेच लागतात. कोळशाची भुकटी आमच्या बाल्कनीत येते, त्याबद्दल व्हाइसरॉयसाहेबांचे आभार.

चिरेबंदी: बाल्कनीला गिलावा कसला आहे?