गावातल्या तरुणांसाठी ग्रामपंचायतीने इमारती बांधाव्यात की माणूस नेमावा?

खाडीपट्टा (राजापूर तालुका)

आमच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या अंगाला व्यायामशाळा उभी आहे. अलीकडच्या काळात 'तरुणांसाठी' म्हणून गावात झालेला हा सगळ्यात मोठा खर्च. खारं वारं लागून यंत्रांचे सांधे धरलेत. चावी शिपायाकडे असते आणि संध्याकाळी कार्यालय बंद झालं की तो घरी जातो.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, ते अंतर त्या विजेच्या खांबांवरून धरतात. गोळा चार किलोचा लागतो. तो गावात नाही, म्हणून किनाऱ्यावरचा एक गोटा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतलाय आणि त्यावर सराव चाललाय. एका गोळ्याची किंमत किती आणि त्या इमारतीची किती, याचा विचार आराखडा करताना कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तरुणांच्या नावाने होणारी बांधकामं थोडी थांबवा आणि गावात एक माणूस नेमा. शिष्यवृत्तीचे अर्ज, नॉन क्रिमिलेअरचा दाखला, आयटीआयचे प्रवेश, कर्जाची फाईल, भरतीच्या तारखा हे सगळं ज्याला माहीत आहे आणि जो ठरलेल्या वेळी जागेवर भेटतो असा माणूस.

हे हवेतलं बोलणं नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आमच्या ग्रामपंचायतीत एक मुलगी आली होती. २०२४ ला ती योजना निघाली, बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. मुदत आधी ६ महिने होती, मग ११ केली. ती मुलगी होती तोवर बारावीची पोरं दाखल्यासाठी कार्यालयात यायची आणि तालुक्याला हेलपाटे न मारता अर्ज भरून जायची. मुदत संपली, ती घरी बसली, आणि पोरं पुन्हा राजापूरला सायबर कॅफेच्या दारात उभी. योजना सरकारची होती, ती संपली हे समजतं. पण गावाने हे काम पुढे चालवायला काय हरकत होती?

माजी_उपसरपंच (गुहागर तालुका)

कळकळ पटते, पण पैशाचा हिशोब मांडल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही.

ग्रामपंचायतीकडे मोठी रक्कम येते ती वित्त आयोगाची. मार्च २०२६ पर्यंतच्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेला ४० टक्के अबंधित. तो गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता यायचा, पण पगार आणि आस्थापनेवर नाही, हे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे तुम्ही म्हणता तो माणूस त्यातून नेमताच येत नव्हता. व्यायामशाळा का बांधली जाते? कारण त्या लेखाशीर्षाखाली पैसे येतात आणि बांधकामाचं मूल्यांकन होतं, बिल निघतं, लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही.

राहता राहिला स्वनिधी. तो कशाचा, तर घरपट्टीचा. आमच्याकडे वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूपबंद. घरपट्टी मुंबईहून येईल तेव्हा येईल. त्यातलेही १० टक्के महिला-बालकल्याण, १५ टक्के मागासवर्गीय, ५ टक्के दिव्यांग असे आधीच बांधलेले. शिपाई आणि नळपाणी कर्मचाऱ्याचा पगार त्यातूनच. मी पाच वर्षं ही ओढाताण बघितली आहे. तरुणांवर खर्च करायचा नाही असं कुठल्याच सदस्याच्या मनात नसतं.

दिवा_ते_दापोली

मी चाकरमानी आहे, गावाला वर्षातून दोनदा येतो, म्हणून माझं मत कदाचित कडू लागेल. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती पोरं गावात आहेत कुठे? आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी, मोठ्या बोटींवर खलाशी नेपाळी, आणि आपली पोरं दिवा-नालासोपाऱ्यात १० बाय १० च्या खोलीत. काम गावात आहे, करणारा बाहेरून येतोय. अशा वेळी मार्गदर्शक नेमून तो मार्ग कुणाला दाखवणार? मी तर म्हणेन, ग्रामपंचायतीने पाणी, रस्ता आणि दिवाबत्ती नीट करावी. तेवढं झालं तरी परत यायचा विचार करणारे पुष्कळ आहेत. तरुणांची वेगळी योजना हे ग्रामपंचायतीचं काम नाहीच.

सुरंगी

दादा, तुम्ही 'पोरं' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर फक्त मुलगे असतात. मुली गावात आहेत. बारावी झाली की मुलगा मामाकडे मुंबईला जातो, मुलगी घरी राहते. तिला कॉलेजला जायचं तर एसटीच्या वेळेवर जावं लागतं, आणि शेवटची गाडी लवकर सुटते म्हणून दुपारनंतरचे वर्ग ती कधी करूच शकत नाही. मी स्वतः अशी शिकले. माझ्याबरोबरच्या दोघींनी दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, अभ्यास जमत नव्हता म्हणून नाही.

काम गावात आहे म्हणता, तेही अर्धंच खरं. बागेत राखणीला राहणाऱ्या किंवा बोटीवर जाणाऱ्या मुलाला लग्नाला मुलगी मिळत नाही, हे कुठल्याही वाडीत विचारा. तोच मुलगा मुंबईत सिक्युरिटीत लागला की स्थळं येतात. हे एकट्या ग्रामपंचायतीने बदलणार नाही, मान्य. पण म्हणून जी आहेत त्यांच्यासाठीही काही करायचं नाही?

आणि उपसरपंच काका, तुम्ही १० टक्के महिला-बालकल्याण हे अडचण म्हणून मोजलंत. आमच्याकडे त्यातून बहुतेक वेळा अंगणवाडीला खुर्च्या आणि कपाटं येतात. ते पैसे मुलींच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतात ना? चार किलोचा गोळा त्यातून का येत नाही?

तांडेल (हर्णै बंदर)

मला माणूस-इमारत यापेक्षा वेळेबद्दल बोलायचंय. मच्छीमार पोरांसाठी प्रशिक्षण येतं ते फेब्रुवारी-मार्चला, कारण ३१ मार्चच्या आत पैसे खर्ची पडले पाहिजेत. तेव्हा आम्ही समुद्रात असतो. शिबिराच्या हजेरीपटावर सह्या होतात, फोटो निघतो, संपलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारून वर ओढलेल्या असतात, पोरं जाळी तुनत बसलेली असतात. त्या दोन महिन्यांत आउटबोर्ड इंजिन दुरुस्ती शिकवा, बर्फ न वितळता मासळी टिकवायची कशी ते शिकवा, मत्स्य संपदा योजनेचा अर्ज भरायला शिकवा. त्या योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. आमच्या बंदरातल्या किती बायकांना ६० टक्क्यांची गोष्ट माहीत आहे? मासळी विकणाऱ्या माझ्या वैनीला मी सांगितली तेव्हा तिला पहिल्यांदा कळली.

रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. शिकवणारे जिल्ह्यातच आहेत. त्यांना जूनमध्ये बंदरावर बोलावणारं कोणी नाही.

बांधावरून (संगमेश्वर)

तांडेल दादा, जून-जुलै तुम्हाला मोकळा, आम्हाला लावणी. चिखलणी सोडून शिबिराला कोण बसणार? म्हणूनच जिल्ह्यावरून एक वेळापत्रक काढून चालत नाही. बंदराला जून, आम्हाला भातकापणी आटोपल्यावर. गावाने ठरवायची गोष्ट आहे ती.

देवगडकर

आमच्याकडे पन तीच रड आसा. पण माणूस नेमायला माझा विरोध आहे आणि कारण उघडपणे लिहितो. मानधनावर नेमायचा म्हटलं की तो कोणाचा तरी पुतण्या असणार. सत्ता बदलली की तो जाणार आणि दुसऱ्याचा भाचा येणार. ज्या वाडीने मत दिलं नाही तिच्या पोरांचे अर्ज खाली पडून राहतील. हे मी शेजारच्या गावात बघितलंय.

त्यापेक्षा गावात जी संस्था आधीच आहे तिला बळ द्या. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. खेड्यातही शासनमान्य 'ड' वर्गातली वाचनालयं आहेत, त्यांना कार्यकारिणी आहे, हिशोब आहे, ग्रंथपाल आहे. त्याच खोलीत अभ्यासिका करा, इंटरनेट द्या, रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. ग्रंथपालाला अर्ज भरायचं शिकवा. नवा माणूस नको, नवी इमारतही नको.

खाडीपट्टा

देवगडकर, पुतण्याची भीती खरी आहे, मी ती हलकी समजत नाही. वाचनालयाची सूचनाही चांगली आहे, पण आमच्या गावात वाचनालय नाही आणि आसपासच्या पाचसहा गावांतही नाही. तिथे काय करायचं?

उपसरपंच साहेबांच्या हिशोबाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: एका ग्रामपंचायतीला झेपणार नाही हे मान्य. आठ-दहा ग्रामपंचायतींनी मिळून एक माणूस ठेवावा. सोमवार एका गावात, मंगळवार दुसऱ्या. मोबदला महिन्यावर नको, झालेल्या कामावर द्यावा. किती अर्ज भरले, किती मंजूर झाले, किती फाईली बँकेत अडकल्या याची यादी फलकावर लागली की पुतण्या असो वा परका, लपून राहणार नाही.

बँकेचं मुद्दाम लिहिलं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला व इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडून बँकेत जातो आणि पुढचं सगळं शाखेच्या हातात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने काजू प्रक्रियेसाठी अर्ज केला. कोटेशन झालं, प्रकल्प अहवाल झाला, शेवटी सातबाऱ्यावर सोळा नावं निघाली आणि फाईल थांबली. कोकणात सामाईक सातबारा कोणाकडे नाही? संमतीपत्र कसं करायचं, भाडेकरार चालतो का, हे त्याला कोणी आधी सांगितलं असतं तर वर्ष वाया गेलं नसतं. आता तो पनवेलला गाडी चालवतो.

दिवा_ते_दापोली

सातबाऱ्याचं पटलं. आमच्याही सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं आहेत आणि सहीसाठी एकत्र येणं फक्त गणपतीत जमतं. मग तुमच्या त्या माणसाने भाद्रपदात हेच एक काम करावं, संमतीपत्रांचं. चाकरमानी तेव्हाच भेटतो. तरीही माझं मूळ मत बदललेलं नाही, पाण्याआधी काही नाही. मे महिन्यात टँकर लागणाऱ्या वाडीत तरुण थांबणार नाही.

माजी_उपसरपंच

आठ-दहा ग्रामपंचायतींचं मिळून करायचं तर प्रत्येकीचा ठराव लागेल आणि कामाच्या मोबदल्याचा दर त्यात लिहावा लागेल, नाहीतर लेखापरीक्षक वसुली लावेल. सुरंगीताईंचा गोळा मात्र उद्या घेता येतो, त्याला कोणाच्या मंजुरीची वाट बघायला नको. महिला-बालकल्याणच्या रकमेतून मुलींचं प्रशिक्षण बसतं, फक्त ते आराखड्यात आलं पाहिजे.

आणि ते येत नाही, कारण ग्रामसभेला तरुण नसतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथे जे आठ-दहा जण बसतात ते पाखाडी (दगडी पायवाट) आणि संरक्षक भिंत मागतात. पोलीस भरतीचं मैदान आमच्या काळात एकदाही कोणी मागितलं नाही.

सुरंगी

काका, आम्ही आलो तर बोलू देतात का, हाही प्रश्न आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यात आहे. तिथे मी बोलले. इतिवृत्तात माझा मुद्दा आलाच नाही. तशीच युवा सभा घ्या आणि तिचं इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून दाखवून सह्या घ्या. एवढी अट असेल तर मी माझ्या वाडीतून वीसेक मुली घेऊन येते.

देवगडकर

इतिवृत्त वाचून दाखवायची अट मला मान्य. माणूस नेमण्याला मात्र अजून विरोध आहे. जिथे वाचनालय आहे तिथे आधी ते करून बघा, नसेल तिथे खाडीपट्टा म्हणतात तसं. आमच्या वाचनालयाच्या पुढच्या बैठकीत अभ्यासिकेच्या वेळेचा विषय मी ठेवतोय.

तांडेल (हर्णै बंदर)

आणि जूनचं कोणी मनावर घ्या. आराखडे आताच बसतायत. एकदा त्यात मार्च लिहिला गेला की पुढचं वर्षही गेलं.